सणाचा कस्टर्ड टार्ट : मध्यभाग थरथरत असतानाच बाहेर काढा

कस्टर्ड टार्टमध्ये मोजून नऊ-दहा जिन्नस असतात, आणि एकालाही दुसऱ्याच्या आड दडता येत नाही. खाली खुसखुशीत पारी, तिच्यात अंड्याच्या बलकाने धरलेलं मऊसूत क्रीम, वर किसलेलं जायफळ. बस्स. सणाला घर माणसांनी भरलं की मला हाच टार्ट करावासा वाटतो. दहा जणांना पुरतो, बरंचसं काम आदल्या दिवशी उरकतं, आणि सोनेरी, तुकतुकीत पृष्ठभागावर फारसं काही मांडावंही लागत नाही.

पण तो बिघडतो तेव्हा बहुतेकदा एकाच कारणाने बिघडतो. आपण त्याला गरजेपेक्षा जास्त वेळ ओव्हनमध्ये ठेवतो. मध्यभाग अजून हलतोय, म्हणजे कच्चा राहिला असेल, या भीतीने आणखी दहा मिनिटं दिली जातात आणि तिथेच कस्टर्डचा रेशमीपणा संपतो. म्हणून या लेखात पारीचं काम नीट सांगणार आहेच, पण सगळ्यात जास्त वेळ त्या शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवला आहे.

कस्टर्ड म्हणजे पूड नव्हे

कस्टर्ड म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर डब्यातली पिवळी पूड येते. ती पूड तुलनेने नवी आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने १८३७ मध्ये ती तयार केली, कारण त्याच्या पत्नीला अंडी सोसत नव्हती. त्याने बलकाच्या जागी कॉर्नफ्लॉवर वापरलं. कस्टर्ड हा शब्द मात्र त्याहून कितीतरी जुना. कवच असलेल्या भरल्या पदार्थाला मध्ययुगीन इंग्रजीत ‘क्रस्टेड’ म्हणत, त्यातून तो आला. म्हणजे नावात आधी पारी होती, आतलं सारण नंतर त्या नावाचं धनी झालं.

हा फरक नुसता इतिहासाचा नाही. पुडीचं कस्टर्ड पिष्टामुळे दाट होतं, त्याला उकळी आणावीच लागते. नाही आणली तर कच्च्या पिठाची चव राहते. अंड्याचं कस्टर्ड प्रथिनांमुळे दाट होतं आणि त्याला उकळी आली की ते फाटतं. दोघांचे नियम उलटे आहेत. एकाची सवय दुसऱ्याला लावली की फसगत होते.

काय काय लागेल

साचा २३ सेंमी व्यासाचा, सुमारे अडीच सेंमी खोल, तळ सुटा होणारा घ्या. सुटा तळ ही चैन नाही. त्याशिवाय अख्खा टार्ट न मोडता बाहेर काढणं जवळपास अशक्य आहे.

पारीसाठी:
मैदा २२५ ग्रॅम
थंडगार लोणी ११५ ग्रॅम (बिनमिठाचं)
पिठीसाखर ५० ग्रॅम
मीठ चिमूटभर
एका अंड्याचा बलक
बर्फाचं पाणी एक ते दोन मोठे चमचे

कस्टर्डसाठी:
दाट क्रीम ४०० मिली
सायीसकट दूध १५० मिली
८ अंड्यांचे बलक आणि १ अख्खं अंडं
साखर ८० ग्रॅम
व्हॅनिला इसेन्स एक छोटा चमचा, किंवा व्हॅनिलाची एक शेंग
मीठ चिमूटभर
एक अख्खं जायफळ

बलक इतके का? अंड्याचं पांढरं घट्ट आणि लवचिक धरतं, बलक मऊ धरतो, कारण त्यात स्निग्धांश आहे. नुसती अख्खी अंडी घातली तर टार्ट सुरीने छान कापला जाईल, पण जिभेवर विरघळणार नाही. नुसते बलक घातले तर तुकडा ताटात उभा राहायला कुरकुर करतो. एक अख्खं अंडं हा माझ्या अनुभवात बरोबर बसलेला मध्य आहे.

क्रीममध्ये ३० ते ३५ टक्के स्निग्धांश असेल तर उत्तम. हाताशी २५ टक्क्यांच्या आसपासचंच क्रीम असेल तर दूध वगळून सगळं ५५० मिली क्रीमच वापरा. अंडी मध्यम आकाराची, फार मोठी नकोत.

शक्य असेल तर वजनकाट्यावर मोजा. वाटीने मोजलेला मैदा दाबून भरला की हलक्या हाताने भरला, यावर वजन बरंच बदलतं, आणि पारी कोरडी होते की चिवट, हे त्यावरच ठरतं.

पारीचं पीठ

मैदा, पिठीसाखर आणि मीठ एकत्र चाळून घ्या. लोण्याचे सेंमीभर चौकोन कापून त्यात टाका आणि बोटांच्या टोकांनी चोळा. तळव्याने नको, तळवा गरम असतो. हे मोहन चोळण्यासारखंच आहे, फक्त मोहन कडकडीत असतं आणि हे लोणी थंड राहायला हवं. पाच-सहा मिनिटांत मिश्रण जाडसर रव्यासारखं दिसू लागेल. मुठीत घेऊन दाबलं की मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टोचला की सुटला पाहिजे.

इथे नेमकं काय होतं? लोणी मैद्याच्या कणांवर लेप देतं. तो लेप असला की पाणी घातल्यावर ग्लुटेनचे, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाचे, लांब धागे तयार व्हायला अटकाव होतो, आणि पारी चिवट न होता खुसखुशीत होते. लोणी वितळलं तर ते पिठात मुरून जातं आणि पारी जड, तेलकट लागते. स्वयंपाकघर तापलेलं असेल तर पिठाचं भांडं मधेच दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायला संकोचू नका.

आता बलकात एक चमचा बर्फाचं पाणी फेटून मिश्रणावर शिंपडा आणि सुरीच्या पात्याने हलवा. गोळे धरू लागले की हाताने एकत्र आणा. कोरडं राहिलं तरच दुसरा चमचा. हे पीठ मळायचं नसतं, नुसतं गोळा करायचं. पोळीच्या कणकेची सवय असलेल्या हाताला हे आवरणं अवघड जातं, पण इथे जितकं मळाल तितकी पारी आकसेल. गोळा चपटा करून गुंडाळा आणि किमान एक तास फ्रीजमध्ये ठेवा. रात्रभर ठेवला तर आणखी चांगलं.

लाटताना पीठ फ्रीजमधून काढून दहा मिनिटं बाहेर राहू द्या, नाहीतर कडा फुटतात. बटर पेपरच्या दोन तुकड्यांमध्ये लाटलं तर वरून पीठ भुरभुरवावं लागत नाही. मधून बाहेरच्या बाजूला लाटत जा, प्रत्येक वेळी पाव फेरा फिरवत, जाडी ३ मिमी आणि व्यास सुमारे ३१ सेंमी होईपर्यंत.

लाटण्यावर गुंडाळून साच्यावर उलगडा. मग सगळ्यात महत्त्वाची हालचाल: पारी ताणायची नाही. कड उचलून धरा आणि पीठ स्वतःच्या वजनाने कोपऱ्यात उतरू द्या, मग बोटाने हलकेच दाबा. ताणून बसवलेली पारी ओव्हनमध्ये गेली की हटकून आपल्या मूळ मापाकडे परत जाते आणि भिंती खाली घसरतात. काठाबाहेर लोंबणारी सेंमीभर झालर तशीच राहू द्या, भाजल्यावर कापू. तळाला काट्याने टोचे मारा, पण आरपार नाही, नुसते खुणेपुरते. साचा पुन्हा अर्धा तास फ्रीजमध्ये.

उरलेलं पीठ टाकू नका, दोन कामांसाठी ते लागणार आहे.

पारी आधी पूर्ण भाजायची

कस्टर्ड मंद आचेवर भाजलं जातं, आणि त्या आचेवर कच्ची पारी कधीच शिजत नाही. ती ओली, पिठूळ राहते. म्हणून पारी आधी एकटीच भाजून घ्यायची.

ओव्हन १८० अंश सेल्सिअसवर तापवा. बटर पेपर चुरगाळून मऊ करा, पारीवर पसरा आणि कोरडी कडधान्यं काठापर्यंत भरा. काठापर्यंत, कारण भिंतींना आधार तिथेच लागतो. २० ते २५ मिनिटांनी कड फिकट सोनेरी दिसली की कागदासकट कडधान्यं काढा आणि पारी आणखी १० ते १२ मिनिटं भाजा. तळाचा रंग बिस्किटासारखा झाला पाहिजे आणि बोट लावलं तर कोरडा लागला पाहिजे. फिकट, ओलसर तळावर समाधान मानू नका. कस्टर्ड ओतल्यानंतर तो याहून जास्त भाजला जाणार नाही. वापरलेली कडधान्यं गार करून बरणीत ठेवा. ती शिजवून खाता येणार नाहीत, पण याच कामाला वर्षानुवर्षं चालतील.

आता पारी उजेडात धरून नीट न्याहाळा. मी पहिल्यांदा टार्ट केला तेव्हा तळाच्या कडेला केसाएवढी चीर होती. मला ती दिसली होती, आणि एवढ्याने काय होणार म्हणून मी ती सोडून दिली. अर्धं कस्टर्ड त्या चिरेतून खाली उतरलं, पारी साच्याला चिकटली, आणि पाहुण्यांपुढे टार्ट चमच्याने खरवडून वाढावा लागला. तेव्हापासून उरलेल्या पिठाची बोटभर गोळी मी हाताशी ठेवते. चीर दिसली की पीठ मऊ करून त्यात हलक्या हाताने भरायचं. त्यानंतर बाजूला राहिलेलं अंड्याचं पांढरं थोडं फेटून ब्रशने सगळ्या पारीला आतून लावायचं आणि दोन मिनिटं ओव्हनमध्ये ठेवायचं. हा पातळ थर सुकला की पारी ओल धरत नाही. दुसऱ्या दिवशीही तळ कुरकुरीत राहतो तो याच थरामुळे.

पारी कोमट असताना काठाबाहेरची झालर दातेरी सुरीने, बाहेरच्या दिशेला, हलकेच कापून टाका. चुरा झटकून घ्या. ओव्हनचं तापमान १४० अंशांवर आणा. ओव्हनमध्ये पंखा चालू राहत असेल तर १२० पुरे. खालचा-वरचा असे दोन्ही रॉड असलेल्या लहान ओव्हनमध्ये आता दोन्ही चालू ठेवा, पण टार्ट वरच्या रॉडपासून लांब, खालच्या फळीवर ठेवा.

एक सुचवते. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा तापमापक मिळतो, तो घ्या. घरगुती ओव्हनचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांत फरक सर्रास असतो. केकला तो चालून जातो. कस्टर्डला नाही.

कस्टर्ड

क्रीम, दूध, मीठ आणि व्हॅनिलाची शेंग चिरून, बिया खरवडून, एका पातेल्यात मंद आचेवर ठेवा. काठाला बारीक बुडबुडे आले, वाफ दिसू लागली की गॅस बंद. उकळी नको. शेंग असेल तर झाकून पंधरा मिनिटं मुरू द्या. इसेन्स असेल तर तो शेवटी घाला.

तोवर दुसऱ्या भांड्यात बलक, अख्खं अंडं आणि साखर एकत्र करा. व्हिस्कने ढवळा, फेसाळू नका. इथे फेस आपला शत्रू आहे. वरचे बुडबुडे भाजले जाऊन पृष्ठभागावर व्रण ठेवतात. आणखी एक: साखर बलकावर घालून भांडं तसंच सोडून दुसऱ्या कामाला जाऊ नका. साखर बलकातलं पाणी ओढून घेते आणि त्यात कडक कण तयार होतात, ते मग विरघळता विरघळत नाहीत.

आता गरम क्रीम बारीक धारेने बलकात ओता, दुसऱ्या हाताने ढवळत. पहिली वाटीभर अगदी सावकाश, मग उरलेलं थोडं वेगाने. सगळं एकदम ओतलं तर बलक जागच्या जागी शिजून गाठी होतात. मिश्रण बारीक गाळणीतून ओतायला सोप्या अशा मगात गाळा. पाच मिनिटं शांत ठेवा, वर आलेला फेस चमच्याने काढून टाका.

हे मिश्रण गरमच पारीत जायला हवं. थंड कस्टर्ड ओतलं तर ते तापेपर्यंत कडा शिजून जास्त होतात आणि मध्य अजून पातळच असतो. आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये ठेवलं असेल तर मंद आचेवर, सतत ढवळत, बोटाला चांगलं गरम लागेल इतकंच तापवून घ्या.

टार्टचा साचा एका सपाट ट्रेवर ठेवा, ट्रे ओव्हनच्या फळीवर अर्धा बाहेर ओढून ठेवा, आणि कस्टर्ड तिथेच ओता. भरलेला टार्ट ओट्यावरून ओव्हनपर्यंत नेण्याचा धोका पत्करू नका. काठावरून सांडलेलं कस्टर्ड पारी आणि साचा यांच्यामध्ये जाऊन जळतं. काठाखाली तीन-चार मिमी जागा सोडा. लगेच वरून जायफळ किसा, आणि सढळ हाताने किसा. पृष्ठभाग झाकला जाईल इतकं.

जायफळ ताजंच किसा. पूड करून ठेवलेल्या जायफळाचा वास लवकर उडतो. आज ते डब्यात सहज सापडतं, पण एके काळी ते जगात फक्त आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर पिकत असे आणि त्यासाठी युद्धं झाली. १६६७ च्या ब्रेडा तहात इंग्रजांनी त्यातल्या रून या चिमुकल्या बेटावरचा हक्क सोडला आणि डचांकडून जिंकलेलं, आजच्या न्यूयॉर्कमधलं मॅनहॅटन इंग्रजांकडेच राहिलं. टार्टवर जायफळ किसताना मला हे दरवेळी आठवतं.

फळी अलगद आत सरकवा, दार लावा.

ती शेवटची दहा मिनिटं

३५ ते ४५ मिनिटं लागतील, पण घड्याळावर विसंबू नका. तिसाव्या मिनिटापासून बघायला लागा.

आत काय चाललंय ते एकदा समजून घेतलं की कधी काढायचं हे पाठ करावं लागत नाही. अंड्यातली प्रथिनं कच्ची असताना गुंडाळलेल्या दोऱ्यासारखी असतात. उष्णतेने ती उलगडतात, एकमेकांत अडकतात, आणि त्यांचं एक जाळं विणलं जातं. त्या जाळ्यात क्रीममधलं पाणी आणि स्निग्धांश धरले जातात, तेच आपलं घट्ट कस्टर्ड. नुसता बलक ६५ अंशांच्या आसपास दाट होऊ लागतो आणि ७० ला धरतो. दूध-क्रीमने प्रथिनं विरळ होतात आणि साखर त्यांना उलगडायला उशीर लावते, त्यामुळे गोड कस्टर्ड धरायला ८० अंशांच्या जवळ जावं लागतं. ८५ च्या पुढे गेलं की जाळं आवळत जातं आणि धरलेलं पाणी पिळून बाहेर टाकतं. कापल्यावर दिसणारी बारीक भोकं आणि ताटलीत साचणारं पाणी, दोन्ही त्या आवळण्याची खूण. एकदा आवळलं की परतीची वाट नाही.

धरणं आणि फाटणं यांच्यामध्ये असे पाच-सहाच अंश आहेत. त्यात भर म्हणजे टार्ट बाहेर काढल्यावरही कडेची उष्णता आत सरकत राहते आणि मध्य आणखी दोन-तीन अंश तापतो. म्हणून पूर्ण धरल्यावर काढलेला टार्ट ओट्यावर पोचल्यावर जास्त शिजलेला असतो.

तर मग बघायचं असं. हातमोजा घालून ट्रेला हलकी टिचकी मारल्यासारखा धक्का द्या. पूर्ण पृष्ठभागावर पाण्यासारख्या लाटा उठल्या तर अजून वेळ आहे, पाच मिनिटांनी पुन्हा बघा. कडेची तीन बोटं स्थिर आणि मधला लहान वाटीएवढा भाग एकसंध थरथरतोय, जेलीसारखा, तर हीच ती वेळ. काढा. मन म्हणेल, अजून हलतंय. हलू द्या, काढा. काहीच हलत नसेल तर उशीर झाला आहे, आणि कड फुगून वर आली असेल तर बराच उशीर झाला आहे.

टोचायचा तापमापक असेल तर मध्यभागी ७५ अंश दिसले की काढा. जायफळाखाली ते टोचलेलं भोक कुणाच्या लक्षात येत नाही. सुरी टोचून ‘स्वच्छ आली की झालं’ ही केकची परीक्षा मात्र इथे वापरू नका. कस्टर्डमधून सुरी स्वच्छ येईपर्यंत ते हाताबाहेर गेलेलं असतं.

पोर्तुगालचे छोटे कस्टर्ड टार्ट कडक आचेवर, वरून काळे डाग पडेपर्यंत भाजतात, ते कसे फाटत नाहीत, असा प्रश्न पडेल. लिस्बनच्या बेलें भागात जेरोनिमोस मठाजवळ १८३७ पासून ते विकले जातात, म्हणजे योगायोगाने बर्डच्या पुडीच्याच वर्षापासून. त्यांच्या कस्टर्डमध्ये थोडं पीठ आणि साखरेचा पाक असतो. पिष्ट प्रथिनांना एकमेकांवर घट्ट आवळू देत नाही, म्हणून तिथे कडक आच चालते. आपल्या कस्टर्डमध्ये पिष्ट नाही, त्यामुळे ती आच इथे आणू नका.

गार करणं, कापणं

टार्ट साच्यातच जाळीवर ठेवा आणि विसरून जा. वारा लागणाऱ्या खिडकीत किंवा पंख्याखाली नको, एकदम गार पडला तर पृष्ठभागाला तडा जातो. सुमारे दोन तास. गरम कस्टर्ड कापलं तर ओघळतं, तो कच्चा राहिल्याचा पुरावा नव्हे, त्याला अजून बसायचंय एवढंच.

साचा एका उपड्या वाडग्यावर ठेवला की बाहेरची कडी आपोआप खाली उतरते. कापताना लांब, पातळ पात्याची सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या, मधून बाहेर एकाच दाबात कापा, करवतीसारखी पुढेमागे नको. प्रत्येक कापानंतर सुरी पुसा. या एवढ्या काळजीने तुकड्याची बाजू आरशासारखी दिसते.

सामान्य तापमानाला हा टार्ट सर्वांत छान लागतो. फ्रीजमधून काढून लगेच वाढलात तर जायफळ आणि लोणी दोन्ही गप्प असतात. अर्धा तास आधी बाहेर काढा. मात्र अंडी-दुधाचा पदार्थ आहे, गार झाल्यावर तो फार वेळ बाहेर ठेवू नये, लगेच वाढायचा नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजमध्ये दोन ते तीन दिवस चांगला राहतो, पारी पहिल्या दिवशीच सर्वांत खुसखुशीत.

सणासाठी

उरलेल्या पिठाचं दुसरं काम इथे. ते लाटून तारे, पानं, जे रूप हवं ते कापा. पानांवर सुरीच्या पाठीने शिरा उमटवा. वेगळ्या ट्रेवर १८० अंशांवर ८ ते १० मिनिटं भाजा आणि टार्ट गार झाल्यावर काठाला अर्धचंद्राकार मांडा. कस्टर्डवर ठेवून भाजायला जाऊ नका, ते बुडतात. बेरी किंवा डाळिंबाचे दाणे घालायचे असतील तर अगदी वाढताना, पुसून, कोरडे करून. फळाचं पाणी कस्टर्डवर डाग पाडतं. टार्ट अर्धा झाकला जाईल इतकी सजावट मला पटत नाही. जायफळाच्या ठिपक्यांचा तो पृष्ठभाग मिळवायला एवढे कष्ट घेतलेत, तो दिसू द्या.

वेळेचं गणित असं बसवा. दोन दिवस आधी पीठ. आदल्या संध्याकाळी पारी भाजून, गार करून, साच्यातच झाकून बाहेर ठेवा; कस्टर्ड करून, गाळून फ्रीजमध्ये. सणाच्या सकाळी कस्टर्ड तापवून ओतायचं, भाजायचं, दुपारपर्यंत गार. बाकी स्वयंपाकाच्या धांदलीत ओव्हन १४० अंशांवर तासभर अडकणार आहे, हे मात्र आधीच धरून चला. भाजायचं दुसरं काही असेल तर ते त्याआधी उरका. कस्टर्ड आत असताना शेजारी दुसरं काही ठेवून दार उघडझाप करू नका.

छोटे टार्ट हवे असतील तर १२ खणांच्या मफिन ट्रेमध्ये याच मापात होतात, कस्टर्ड थोडं उरेल. पारी तशीच आधी भाजायची, कस्टर्ड ओतल्यावर पंधराव्या मिनिटापासून लक्ष ठेवायचं. मध्य लहान असल्यामुळे थरथर नाण्याएवढीच दिसते.

अंडी न खाणाऱ्यांसाठी वेगळा टार्ट करा, याच कृतीतून अंडी वगळून तो होत नाही. पिठात बलकाऐवजी एक-दोन चमचे जास्त बर्फाचं पाणी घ्या आणि पारी नेहमीसारखी पूर्ण भाजा, फक्त अंड्याचं पांढरं लावू नका. ५०० मिली दूध, २०० मिली क्रीम आणि ८० ग्रॅम साखर तापवा, त्यातल्याच थोड्या गार दुधात ५० ग्रॅम कॉर्नफ्लॉवर कालवून घाला, आणि ढवळत ढवळत उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट शिजवा. इथे उकळी हवीच. गरमच पारीत ओता, जायफळ किसा, चार तास फ्रीजमध्ये. ओव्हनची गरज नाही. पोत रेशमापेक्षा मलईच्या जवळचा येतो, आणि तोही चांगलाच लागतो.

राहिली अंड्यांची पांढरी. पारीला लावलेलं एक सोडून आठ उरतील. झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये दोन ते चार दिवस, फ्रीझरमध्ये काही महिने टिकतात. डब्यावर संख्या लिहून ठेवा, नाहीतर मरँग (पांढरं आणि साखर फेटून भाजलेली हलकी मिठाई) करायला घेताना किती आहेत ते कळत नाही.